रायगडाला जायचंय? आधी परतीची एसटी बघा

मी एसटीत वाहक आहे. राहते महाडला, आणि नवरा मिनीडोर, म्हणजे भाड्याची तीनचाकी प्रवासी गाडी, चालवतो. त्यामुळे रायगडाला कसं जावं या प्रश्नावर आमच्या घरात एकमत व्हायचा प्रश्नच येत नाही. तो म्हणतो, पाच-सहा माणसं असली तर एसटीची वाट कशाला बघत बसायची? मी म्हणते, थांबलं थोडं तर काय बिघडतं? पण एका बाबतीत दोघांचं जमतं. येतानाचा सगळा हिशोब करून आलेली आणि जातानाचा अजिबात न केलेली माणसं संध्याकाळी गडाच्या पायथ्याशी पाचाडच्या रस्त्यावर हात दाखवत उभी असतात, ती आम्ही दोघांनीही भरपूर पाहिलीत. म्हणून मी उलट्या टोकाने सुरुवात करते. आधी उतरून घरी कसं जायचं ते ठरवा. गड कुठे जात नाही.

चौकशीच्या खिडकीवर काय विचारायचं

महाड स्टँडवर उतरलात की पहिल्यांदा चौकशीची खिडकी गाठा. चहा नंतर. तिथे "रायगडाला गाडी आहे का?" एवढंच विचारू नका, "आहे" असं उत्तर येईल आणि तुमचं समाधान होईल. विचारा असं: "पाचाडहून महाडला शेवटची गाडी किती वाजता, आणि आज ती जाणार आहे ना?"

यातलं "आज" महत्त्वाचं. भिंतीवरच्या फलकावर जे वेळापत्रक रंगवलेलं असतं ते बरोबरच असतं, पण आजचं नसतं. गावाकडच्या फेऱ्या शाळेच्या आणि बाजाराच्या वेळेला बांधलेल्या असतात. शाळेला सुट्टी लागली की त्यातल्या काही बंद होतात, काहींची वेळ सरकते. गणपती आणि शिमग्याला मुंबईच्या जादा गाड्या सोडायच्या असतात, तेव्हा गाड्या आणि माणसं तिकडे वळतात आणि तालुक्यातली एखादी फेरी रद्द होते. एखाद्या दिवशी ड्रायव्हरच कमी असतो. हे सगळं खिडकीत बसलेल्या कंट्रोलरला माहीत असतं, तुमच्या मोबाइलमधल्या फोटोला नाही. कोणीतरी मेमध्ये काढलेला वेळापत्रकाचा फोटो घेऊन लोक ऑगस्टमध्ये येतात आणि माझ्याशी वाद घालतात, म्हणून सांगते.

दुसरी गोष्ट, पाटी. गाडीवर "रायगड" किंवा "पाचाड" लिहिलेलं नसलं म्हणून ती सोडू नका. पाचाडच्या पुढच्या वाड्यांना जाणारी गाडीही तुम्हाला चालते. आणि "पाचाड" लिहिलेली गाडी गावातच थांबते की पुढे गडाच्या पायरीपर्यंत जाते, हे चढतानाच वाहकाला विचारून घ्या. तिकीट फाडल्यावर विचारलंत तर पुढच्या टप्प्याचं तिकीट पुन्हा काढावं लागतं.

आता हिशोब. समजा खिडकीवर सांगितलं, शेवटची गाडी साडेपाचची. तर तुम्ही पाचला रस्त्यावर हवेत, कारण शेवटच्या गाडीला गर्दी असते आणि वाटेतला ड्रायव्हर तुमच्यासाठी थांबणार नाही. पायऱ्या उतरायला तास-सव्वातास धरा, गुडघे कुरकुरत असतील तर दीड. म्हणजे साडेतीनला महादरवाजातून खाली निघायचं. वर होळीचा माळ, बाजारपेठ, राजसदर, जगदीश्वर, समाधी, टकमक टोक एवढं नीट बघायचं तर तीन-साडेतीन तास हवेतच. म्हणजे बाराला वर पोचलेलं पाहिजे. चढायला सवय नसलेल्या माणसाला दोन तास लागतात. पायऱ्याच दीड हजाराच्या आसपास आहेत आणि गडाची उंची 820 मीटर. म्हणजे दहाला चढायला सुरुवात. महाड ते पाचाड चोवीस-पंचवीस किलोमीटर, एसटीला साधारण तास. म्हणजे महाडातून नऊच्या आत निघायला हवं. मुंबई-पुण्याहून त्याच दिवशी येऊन हे जमवणं जिवावर येतं. शक्य असेल तर आदल्या रात्री महाडात किंवा पाचाडात मुक्काम करा आणि पहाटेच निघा. मार्च ते मे तर दहाला चढायला लागणं म्हणजे वेडेपणा आहे. कातळ तापायच्या आत वर पोचायला हवं.

महाडपर्यंत यायचं कसं

मुंबईकडून येणाऱ्यांनी फक्त "महाड" पाटीच्याच गाडीची वाट बघू नये. खेड, चिपळूण, गुहागर, रत्नागिरी, या सगळ्या गाड्या महाडवरूनच जातात. पनवेल स्टँडवर उभं राहिलात तर यातली काही ना काही मिळतेच. फक्त चढताना विचारा, "महाड स्टँडात जाणार का?" लांब पल्ल्याच्या काही गाड्या, रात्रीच्या विशेषतः, हायवेवरच उतरवतात. भल्या पहाटे, बायामाणसं आणि बोचकी घेऊन हायवेच्या कडेला उतरणं कोणालाच नको असतं.

रेल्वेने यायचं तर दोन स्टेशनं: माणगाव आणि वीर. अंतराने वीर जवळचं. कोकण रेल्वेचा आमच्या बाजूचा पहिला तुकडा 1993 मध्ये सुरू झाला तो रोहा ते वीर, म्हणजे आमचं वीर एके काळी शेवटचं स्टेशन होतं. आता रोहा-वीर दुपदरीही झालं, पण बहुतेक वेगाच्या गाड्या वीरला न थांबता पुढे जातात. दिव्याहून सकाळी सुटणारी सावंतवाडी पॅसेंजर थांबते. तिने आलात तर वीरला उतरून मिनीडोर किंवा रिक्षाने महाड गाठायचं. मात्र त्या गाडीने येऊन त्याच दिवशी गड चढून उतरायचा बेत असेल तर वरचा हिशोब पुन्हा वाचा, जमत नाही. माणगावला जास्त गाड्या थांबतात, आणि तिथून महाडला येणाऱ्या एसटी हायवेवरून सतत चालू असतात. मी स्वतः कोणाला सांगायचं झालं तर माणगावच सांगते. वीर कागदावर जवळ आहे, पण उतरल्यावर पुढचं वाहन मिळेपर्यंत जो वेळ जातो तो कोणी धरत नाही.

पुण्याकडून दोन घाट. ताम्हिणीने मुळशी, निजामपूर, माणगाव असं उतरून हायवेने महाड, किंवा भोरवरून वरंध घाटाने थेट महाड. नकाशावर वरंध जवळचा दिसतो. पावसाळ्यात तो बंद ठेवायचा आदेश निघतो, दरडी येतात, त्यामुळे जून ते सप्टेंबर त्याचा विचारच करू नका. ताम्हिणीला पावसाळ्यात शनिवार-रविवारी धबधब्यांच्या गर्दीत गाडी अडकते ते वेगळंच. साताऱ्याकडून महाबळेश्वर, आंबेनळी घाट, पोलादपूर. आणि आमच्या खालच्या कोकणातल्या लोकांना आता कशेडीचा बोगदा झाल्याने मोठा आराम आहे. खेडहून पोलादपूर म्हणजे पूर्वी घाटातली पाऊण तासाची वळणं आणि खिडकीपाशी उलटीची पिशवी धरून बसलेली पोरं, हे चित्र होतं. ते गेलं.

स्वतःची गाडी असेल तर महाड शहरात शिरायची गरज नाही. हायवेवर नातेखिंडीतून रायगडाचा रस्ता सुटतो. पेट्रोल मात्र हायवेवरच भरून घ्या.

गाडी लावायची कुठे

आता जे सांगणार आहे ते जरा रागाने सांगणार आहे.

एसटी मागे घ्यायची असली की वाहकाने खाली उतरायचं असतं. मी गाडीच्या मागे उभी राहते, शिट्टी तोंडात, आणि एक हात पत्र्यावर. "येऊ दे, येऊ दे, येऊ दे" म्हणत पत्रा थोपटत राहायचं, आणि थांबायचं झालं की एक जोरात थाप. ड्रायव्हरला आरशात सगळं दिसत नाही, त्याला माझी थापच ऐकायची असते. आता कल्पना करा, चित्त दरवाजाशी, म्हणजे पायऱ्या जिथे सुरू होतात तिथला रस्ता. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला उतार, हॉटेलांच्या टपऱ्या. त्यात रविवार. दोन्ही बाजूंनी गाड्या लावलेल्या, कोणाची मागची डिकी रस्त्यात आलेली, कोणी पुढची चाकं वळवून तशीच ठेवलेली. मालक वर गडावर, फोनला रेंज नाही. समोरून सहलीची बस. माझ्या पाठीशी एका पांढऱ्या गाडीचा आरसा आणि पत्रा यांच्यात माझी पंजाएवढी जागा. आत पाचाडहून चढलेली म्हातारी आजी विचारते, "काय गो, कधी सुटायची?" मी काय सांगू? आरशाचा मालक वर टकमक टोकावर फोटो काढतोय असं?

म्हणून माझं सांगणं एकच, गाडी पाचाडला लावा. चित्त दरवाजाशी नाही.

पाचाडला जागा जास्त आहे, रस्ता त्यामानाने सपाट आहे, आणि तिथून पायरीपर्यंतचं अंतर असं मोठं नाही. पाचाडच्या खिंडीपर्यंत चढणीचा रस्ता चालत गेलात तर पाय मोकळे होतात आणि मग पायऱ्यांना दम कमी लागतो. चालायचं नसेल तर तिथून मिनीडोर मिळते. शिवाय पाचाडला थांबायचं कारण आहेच. जिजाऊसाहेबांची समाधी आणि वाडा गावातच आहे. 6 जून 1674 ला राज्याभिषेक झाला आणि अकराच दिवसांनी, 17 जूनला, त्या इथे गेल्या. गडावरचा वारा त्यांना सोसत नव्हता म्हणून महाराजांनी खाली वाडा बांधून दिला, असं सांगतात. चित्त दरवाजाशी गाडी लावणारी निम्मी माणसं पाचाडातून काच वर करून निघून जातात. गाडी पाचाडला असली की संध्याकाळी आपोआप समाधीपाशी पाय थांबतो.

ज्यांना वर चालत जायचं नाही ते हिरकणीवाडीला रोपवेकडे जातात. रोपवे 1996 पासून आहे, चार-पाच मिनिटांत वर नेतो. तिथेही गाड्या लावायला जागा आहे, पण ती एकदा भरली की भरली. कारण साधं आहे: सकाळी आलेली गाडी संध्याकाळपर्यंत हलत नाही. रोपवेला गर्दीच्या दिवशी नंबर लावून थांबावं लागतं, मग वर दोन-तीन तास, मग उतरायला पुन्हा रांग. म्हणून अकराला आलेल्या माणसाला तिथे जागा मिळेल असं समजू नका. म्हातारी माणसं किंवा लहान पोरं बरोबर असतील तर त्यांना रोपवेशी उतरवा, एकाने गाडी मागे आणून पाचाडला लावावी आणि मिनीडोरने परत जावं. तेवढ्याने काही कोणाची शान जात नाही.

एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूने उतरायचा बेत बरेच जण करतात, पायऱ्यांनी वर आणि रोपवेने खाली. बेत चांगला आहे, गुडघ्यांसाठी तर फारच. पण दोन गोष्टी आधी बघा. खाली जायचं एकेरी तिकीट मिळेल का, आणि वरच्या बाजूला शेवटच्या फेरीची वेळ काय, हे चढण्यापूर्वी रोपवेच्या खिडकीवर विचारून घ्या. देखभालीसाठी तो अधूनमधून बंदही असतो. आणि उतरल्यावर तुम्ही हिरकणीवाडीत असाल, गाडी पाचाडात. मधलं अंतर चालायचं की मिनीडोर करायची ते ठरलेलं असू द्या.

गाडी उतारावर लावली तर नुसत्या हँडब्रेकवर विसंबू नका. पहिला गिअर टाका, चाकामागे दगड सारा, आणि गाडीचं तोंड रस्त्याकडे करूनच लावा. संध्याकाळी सगळे एकदम निघतात तेव्हा उलटी गाडी बाहेर काढताना जीव जातो. आंब्या-फणसाच्या सावलीचा मोह होतो, पण मे महिन्यात आंब्याचा चीक टपावर पडला की रंगाला डाग बसतो. मोटारसायकलवाल्यांनी स्टँडखाली चपटा दगड ठेवावा. पावसात लाल माती लोण्यासारखी होते, स्टँड आत रुततो आणि गाडी आडवी झोपते. तुमच्या शेजारी दहा लावलेल्या असतील तर दहाही.

पार्किंगचे पैसे कोणी मागितले तर द्या, पण पावती मागा.

महाडातच गाडी ठेवून एसटीने जायचा पर्यायही आहे, आणि लॉजवर उतरला असाल तर तो मला सगळ्यात आवडतो. गाडी लॉजच्या आवारात, तुम्ही लालपरीत. फक्त पावसाळ्यात एक भान ठेवा. महाड सावित्री आणि गांधारी या दोन नद्यांच्या काठावरचं गाव आहे. 2021 च्या जुलैत बाजारपेठेत जे पाणी चढलं ते आम्ही पाहिलंय. त्या पाण्याने गाड्या उचलून दुसरीकडे नेल्या. जून ते सप्टेंबर बाजाराच्या सखल भागात रात्रभर गाडी ठेवू नका. लॉजवाल्याला विचारा, तो सांगेल पाणी कुठवर येतं ते. महाडात प्रत्येकाला आपल्या भिंतीवरची खूण माहीत असते.

कोणत्या दिवशी येऊ नये, किंवा आलात तर तयारीने या

6 जूनला आणि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला, म्हणजे तारखेच्या आणि तिथीच्या राज्याभिषेक सोहळ्याला, वरचं सगळं विसरा. त्या दिवशी नेहमीचे नियम नसतात. खासगी गाड्या पाचाडच्या अलीकडेच अडवतात, कोंझर गावाच्या बाजूला मोकळ्या रानात वाहनतळ करतात आणि तिथून एसटीने पाचाडला नेतात. 2023 ला 350 व्या सोहळ्याची गर्दी पाहिलेल्याला मी काय सांगायचं ते आधीच कळलं असेल. जायचंच असेल तर आदल्या दिवशी दुपारच्या आत पोचा. आणि लक्षात ठेवा, तो पावसाच्या तोंडाचा आठवडा असतो. रानातल्या वाहनतळावर रात्री एक सर आली की सकाळी निम्म्या गाड्यांची चाकं जागेवर फिरतात. गाडी अगदी आत नेऊ नका. बांधाजवळ, कठीण जमिनीवर लावा.

19 फेब्रुवारीला शिवजयंती. आदल्या रात्री गावोगावची पोरं शिवज्योत न्यायला गडावर येतात आणि मशाल घेऊन धावत निघतात, मागे-पुढे मोटारसायकली आणि टेम्पो. रात्री त्या रस्त्याने गाडी चालवणार असाल तर दिवे डीपरवर ठेवा आणि वेग कमी. वळणावर अचानक अनवाणी धावणारा पोरगा समोर येतो. चैत्री पौर्णिमेला पुण्यतिथी, तेव्हाही गडावर गर्दी असते.

20 मार्चचं बाहेरच्या लोकांच्या ध्यानात राहत नाही. 1927 मध्ये त्या दिवशी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचा सत्याग्रह केला. राज्यभरातून माणसं महाडला येतात, शहरात वाहतूक वळवलेली असते आणि एसटीत पाय ठेवायला जागा नसते. चवदार तळ्यावर जायचं असेल तर त्या दिवशी जरूर या. रायगडासाठी दुसरा दिवस निवडा.

आणि ज्यांना वाटतं आपण शनिवार-रविवार सोडून मधल्या वारी गेलो की गड रिकामा, त्यांच्यासाठी: नोव्हेंबर ते जानेवारी शाळांच्या सहली असतात. सहलीच्या एसटीला अर्ध्या भाड्याची सवलत आहे, त्यामुळे कुठून कुठून गाड्या येतात. मंगळवारी सकाळी पाचाडला एसटींची रांग आणि रस्ताभर टोप्या घातलेली पोरं, हे नेहमीचं आहे. मला त्रास नाही त्याचा. पोरं निदान रस्त्यात गाडी लावत नाहीत. 2025 च्या जुलैत युनेस्कोच्या जागतिक वारशात मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यात रायगड आहे. तेव्हापासून हिंदीत आणि इंग्रजीत रस्ता विचारणारेही वाढलेत.

पावसाळा

पावसाळ्यात गड सुंदर दिसतो, मान्य. पण 2024 च्या जुलैत महादरवाजाच्या पायऱ्यांवरून पाण्याचे लोट आले, माणसं भिंतीला धरून उभी होती, आणि नंतर गड काही दिवस बंद ठेवावा लागला. जोराचा पाऊस लागला असेल तर निघण्याआधी पायवाट चालू आहे का याची चौकशी करा, आणि रोपवे चालू आहे म्हणजे गड चालू आहे असं समजू नका.

एसटीचं म्हणाल तर पुलावर पाणी असलं की आम्ही गाडी घालत नाही. प्रवासी चिडतात, "एवढंसंच तर पाणी आहे" म्हणतात. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्रीवरचा इंग्रजांच्या काळातला पूल गेला, त्यात आमच्या दोन गाड्या गेल्या. त्यानंतर इथल्या कुठल्या ड्रायव्हर-कंडक्टरशी पाण्यावरून हुज्जत घालू नये. गाडी अडली तर अडली.

तिकीट, सुट्टे आणि मिनीडोरचा भाव

बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, 2023 च्या मार्चपासून. 75 वर्षांपुढच्यांना फुकट, 65 ते 75 पर्यंत अर्धं. पण वयाचं ओळखपत्र हातात असू द्या, पिशवीच्या तळाशी नको. मशीनवर मोबाइलने पैसे घेता येतात, पण डोंगरात रेंज गेली की माझं मशीन आणि तुमचा फोन दोघंही गोल फिरत बसतात आणि मागे पंचवीस माणसं तिकिटाची वाट बघतात. सुट्टे ठेवा. पहिल्या फेरीला पाचशेची नोट काढणाऱ्याला मी काय म्हणते ते इथे लिहीत नाही. गडावरच्या प्रवेशासाठीही थोडे सुट्टे लागतात. पुरातत्त्व खात्याचं तिकीट 25 रुपये आहे, 15 वर्षांखालच्या मुलांना नाही.

चाळीस-पन्नास जणांचा गट असेल तर एसटी प्रासंगिक कराराने घ्या. आगारात अर्ज करायचा, अनामत भरायची, गाडी दिवसभर तुमच्यासोबत. शनिवार-रविवार हवा असेल तर आधी नोंदवा, आदल्या दिवशी येऊन गाडी मिळत नाही.

मिनीडोरबद्दल नवऱ्याच्या वतीने. दोन प्रकार: सीटची आणि स्पेशल. सीटची गाडी भरल्याशिवाय सुटत नाही. शेवटच्या दोन सीटांसाठी अर्धा तास गेला म्हणून भांडू नका, घाई असेल तर उरलेल्या सीटांचे पैसे देऊन टाका. स्पेशल करताना भाव चढण्याआधी ठरवा, आणि तीन गोष्टी तोंडाने स्पष्ट बोला: पाचाडपर्यंत की रोपवेपर्यंत, एका बाजूचे की जाऊन-येऊन, आणि ड्रायव्हर थांबणार की परत येणार. परत येणार असेल तर त्याचा नंबर घ्या, पण वेळही ठरवा, कारण गडावरून फोन लागेलच असं नाही. पैसे निम्मे जाताना, निम्मे उतरल्यावर. आमचे हे म्हणतात, पूर्ण पैसे आधी देणाऱ्या गिऱ्हाइकाला ड्रायव्हर विसरत नाही, पण वेळ विसरतो. मी म्हटलं, हे तू स्वतःबद्दल बोलतोयस की बाकीच्यांबद्दल? उत्तर दिलं नाही.

शेवटची गाडी चुकली तर

सगळं सांगूनही चुकतेच कोणाची ना कोणाची. अंधार पडत असेल तर चित्त दरवाजाशी थांबू नका, चालत पाचाडला उतरा. तिथे वस्ती आहे, दुकानं आहेत. टपरीवर विचारा कोणी महाडला जाणारं आहे का. पाचाडकडून महाडला जाणाऱ्या खासगी गाड्यांमध्ये जागा मिळते, बायका-मुलं असतील तर लोक लगेच घेतात. मिनीडोर स्पेशल मिळेल, पण रात्रीचा भाव दिवसाचा नसतो आणि त्यावर घासाघीस करायची ती वेळ नव्हे.

नाहीतर राहा. पाचाडला घरगुती राहायची-जेवायची सोय होते. वाजवी पैशात भाकरी, पिठलं, भात आणि झोपायला जागा मिळते; आठ-दहा जण असाल तर अंधार पडायच्या आत सांगून ठेवा, चूल एकाच माणसाची असते. गावात रात्री मुक्कामाला थांबणारी एसटी आहे का, तेही विचारा. असली तर तिचे ड्रायव्हर-कंडक्टर रात्री तिथेच असतात, पहाटे किती वाजता निघणार ते त्यांच्याकडून कळेल, आणि ती गाडी तुम्हाला सोडून जाणार नाही, कारण तुम्ही आदल्या रात्रीच सांगून ठेवलेलं असतं.